पदवी, वर्दी आणि वैमानिकाचा परवाना : या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या घरी पालकांची वर्दळ सुरू होते. कोणी गेवराईहून येतो, कोणी परतूरहून, तर कोणी उदगीरहून रात्रभर एसटीने प्रवास करून सकाळी सातलाच दारात उभा असतो. एकवीस वर्षे हवाई दलात लढाऊ विमाने आणि त्यानंतर अठरा वर्षे प्रवासी विमाने चालवून मी निवृत्त झालो. पुढे शेजारच्या एका मुलाला दोन गोष्टी समजावून सांगण्याचा प्रमाद माझ्या हातून घडला, आणि तेव्हापासून माझा पत्ता नातेवाइकांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचला आहे. येणाऱ्यांचे प्रश्न दोनच असतात. वैमानिक व्हायचे तर आधी डिग्री करावी का, आणि फौजेतून गेले तर विमान कंपनीत लवकर लागता येते का. प्रश्नांबद्दल माझी काही तक्रार नाही. ते विचारण्याआधीच पैसे भरून, विषय सोडून किंवा वय घालवून जे येतात, त्यांना पाहून मात्र जीव हळहळतो आणि थोडा रागही येतो. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहून कंटाळलो, म्हणून हे लिहायला घेतले.

पदवीलाच परवाना समजणे

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, म्हणून तिच्यावर मी जास्त जागा खर्च करणार आहे.

तीन वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातले एक शेतकरी गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा बाविशीचा, नीटनेटका आणि बोलायला चांगला होता. वडिलांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली पदवी काढून माझ्यापुढे ठेवली. एका खासगी महाविद्यालयाची विमानविद्येतली बी.एस्सी. होती. "सर, लेकरू पायलट झालंय, पण कोणतीच कंपनी बोलवंना. तुमची वळख आसंल तर बगा," ते म्हणाले. मी मुलाला उड्डाणतास किती झाले ते विचारले आणि त्याने मान खाली घातली. तीन वर्षांत त्याने एकदाही विमान चालवले नव्हते. एका सहलीत हँगरमध्ये उभ्या असलेल्या छोट्या विमानासमोर सगळ्या वर्गाचा फोटो काढला होता, तोच फोटो पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर छापला होता, आणि ते माहितीपत्रकही वडिलांनी जपून आणले होते. फीपोटी साडेसहा लाख रुपये गेले होते. मुलाला खरा प्रकार पहिल्याच वर्षी कळला होता. घरी सांगायची हिंमत मात्र तीन वर्षे झाली नव्हती.

त्या दिवशी मी त्यांना कागदावर जे लिहून दिले, ते असे. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, तो डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, विद्यापीठ नाही. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि भौतिकशास्त्र व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण असावे लागते. हवाई नियम, दिशामार्गदर्शन, हवामान आणि विमानाचे तांत्रिक ज्ञान यांच्या लेखी परीक्षांत प्रत्येक विषयात ७० टक्के गुण लागतात आणि रेडिओ संभाषणाची परीक्षा वेगळी असते. याखेरीज २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन करायचे असतात. त्यांत एका विमानतळाहून दुसऱ्याकडे जाण्याच्या उड्डाणांचे २० तास असावे लागतात, आणि अशा उड्डाणांपैकी किमान एक ३०० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचे असावे लागते. रात्रीचे पाच तास आणि दहा उड्डाणे-अवतरणे, केवळ उपकरणांकडे पाहून चालवण्याचे दहा तास, आणि शेवटी प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र. या यादीत पदवी कुठेच नाही. पुढे कॅप्टन होण्यासाठी जो एटीपीएल परवाना लागतो, त्यासाठी वय २१ आणि १५०० तास लागतात. पदवी तिथेही लागत नाही.

मग पदवीचा एवढा बोलबाला कुठून आला? माझ्या मते त्यातला बराचसा अमेरिकेतून मोबाइलवर आला. तिथल्या मोठ्या विमान कंपन्या चार वर्षांच्या पदवीचा वर्षानुवर्षे आग्रह धरत असत. हजारो अर्जांतून चाळणी लावायला ते सोपे साधन होते. चार वर्षांचा अभ्यासक्रम नेटाने पूर्ण केलेला माणूस विमान कंपनीचे जाडजूड नियमग्रंथही नेटाने वाचेल, असाही त्यांचा हिशेब असे आणि तो अगदीच चूक नव्हता. २०२२ च्या जानेवारीत डेल्टा कंपनीने ही अट काढून टाकली. आणखी एक धागा म्हणजे तिथला १५०० तासांचा नियम. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० माणसे गेली, आणि त्यानंतर झालेल्या कायद्याने सहवैमानिकालाही एटीपीएल आवश्यक केले. त्यात सवलत अशी की विमानविद्येचा मान्यताप्राप्त चार वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्याला १००० तास चालतात आणि लष्करी वैमानिकाला ७५०. आमची मुले हे आकडे ऐकतात आणि औरंगपुऱ्यातल्या महाविद्यालयाच्या बी.एस्सी.ला तीच सवलत मिळेल असे धरून चालतात. ती सवलत तिथल्या नियमात, तिथल्या संस्थांना आहे; आपल्याकडे पदवी दाखवून उड्डाणाचा एक तासही माफ होत नाही. आणि जाता जाता सांगतो, त्या दुर्दैवी विमानातल्या दोघाही वैमानिकांचे तास १५०० च्या वरच होते. विमान हवेत तोलून राहायला लागणारा वेग कमी पडत असल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली करायचे, त्याऐवजी दांडा मागे खेचला.

याचा अर्थ पदवी निरर्थक आहे असा कोणी घेतला, तर तो दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा होईल. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेटची १७ एप्रिल २०१९ रोजी, गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी परवाना खिशात असलेली माणसे बेकार झाली आणि कर्जाचे हप्ते थांबले नाहीत. कंपनी बुडणे तरी दूरची गोष्ट आहे. वैमानिकाची दर वर्षी वैद्यकीय तपासणी होते, आणि हृदयाच्या आलेखातली एखादी रेघ वाकडी निघाली की पस्तिसाव्या वर्षीही माणूस घरी बसतो. अशा वेळी बारावी पास एवढेच शिक्षण असलेल्या माणसाला काय काम मिळते, याचा विचार विशीत कोणी करत नाही. म्हणून पदवी घ्यावीच असे माझे मत आहे. मात्र ती विमानविद्येतलीच असावी असा हट्ट नको. वाणिज्य, अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, जे विमानाविना पोट भरू शकेल ते घ्यावे. उड्डाणाचे शिक्षण चालू असताना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करणारी दोन मुले मला माहीत आहेत. पावसाळ्यात ढग खाली आले की फ्लाइंग स्कूलमध्ये आठवडाच्या आठवडा विमान हलत नाही. त्या दिवसांत बाकीची मुले मोबाइल पाहत असत आणि ही दोघे लेखाशास्त्र उरकत असत.

माझी स्वतःची पदवी जेएनयूची आहे, कारण एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, कॅडेटना पदवी तेच विद्यापीठ देते. अठरा वर्षांच्या नागरी नोकरीत ती मला कोणीही विचारली नाही. एकदाच उपयोगी पडली, पुतण्याच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे काहीतरी छापायला.

यावर माझा उपाय काय, तर एक सवय. कोणी कसलेही माहितीपत्रक घेऊन आले की मी लाल पेन घेतो आणि त्यात उड्डाणतास हा शब्द किती वेळा आला आहे ते मोजायला सांगतो. शून्य आले तर पुढचे बोलणे चहावर आणि पाऊसपाण्यावर होते.

गणित सोडणे

लातूर पॅटर्नबद्दल मला आदर आहे, पण डॉक्टरकीच्या परीक्षेच्या नादात अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेला मुलगा पुढे वैमानिक व्हायचे म्हणतो, तेव्हा त्याला मुक्त विद्यालयातून पुन्हा गणिताला बसायला सांगावे लागते आणि वर्ष जाते. एनडीएच्या हवाई दल शाखेलाही बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतेच. ज्याची खात्री नाही त्याने दोन्ही घ्यावे, रडतखडत का होईना.

हवाई दलाला फुकटची फ्लाइंग स्कूल समजणे

देशात परवान्यापर्यंतचा खर्च आज पन्नास लाखांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जातो आणि एखाद्या विशिष्ट प्रवासी विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्याच जातीचे विमान चालवण्याची पात्रता, मिळवायची तर त्याचे पैसे वेगळे. हा आकडा ऐकल्यावर काही पालकांच्या डोळ्यांत एक चमक येते आणि पुढचे वाक्य मला तोंडपाठ झाले आहे. "मंग एनडीएच करतो की सर. सरकारच्या पैशानं शिकायचं आन् बाहेर पडून कंपनीत लागायचं."

आधी वर्षांचा हिशेब करू. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात एनडीए, तिथे तीन वर्षे, मग हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या अकादमीत उड्डाणशिक्षण. म्हणजे अधिकारी होईपर्यंत मुलगा बाविशीच्या आसपास येतो. एनडीएतून मिळतो तो कायमस्वरूपी हुद्दा. निवृत्तिवेतन वीस वर्षांच्या सेवेनंतर, आणि त्याआधी बाहेर पडायचे की नाही हे ठरवणे तुमच्या हातात नसून हवाई दलाच्या हातात असते. पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा देऊन अल्पसेवेत गेलात तरी उड्डाण शाखेत चौदा वर्षे द्यावी लागतात. म्हणजे नागरी आकाशात तुम्ही छत्तीस ते बेचाळीसच्या दरम्यान येता, आणि तेही सहवैमानिकाच्या खुर्चीत, कदाचित तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान कॅप्टनच्या शेजारी. अमेरिकेच्या हवाई दलातही वैमानिकाला प्रशिक्षणानंतर दहा वर्षांचे बंधन असते; फुकट कोणीच शिकवत नाही. विशीत परवाना काढलेला आणि नोकरी लागलेला मुलगा तोपर्यंत कॅप्टन होऊन बसलेला असू शकतो. पैशांत मोजायचे म्हटले तरी हा सौदा स्वस्त नाही.

दुसरे म्हणजे हे दार प्रत्येकाला उघडतेच असे नाही. उड्डाण शाखेसाठी निवड मंडळात संगणकावरची वैमानिक चाचणी असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नापास झालेला मुलगा सैन्यदलात इतर शाखांत जाऊ शकतो, पण हवाई दलाच्या वैमानिकाची वाट त्याला कायमची बंद होते. निवड झाल्यावरही अकादमीत उड्डाण जमले नाही तर जमिनीवरच्या शाखेत बदली होते आणि अधिकारी म्हणून त्याच वर्दीत पुढची वर्षे काढायची असतात. डोळ्यांचे निकषही नागरी परवान्यापेक्षा कितीतरी कडक आहेत. चष्मा लावून प्रवासी विमान चालवणारे माझे अनेक सहकारी होते. हवाई दलाच्या उड्डाण शाखेच्या तपासणीत ते पहिल्याच दिवशी परत आले असते.

अंबाजोगाईचा एक हुशार मुलगा निवड मंडळाच्या मुलाखतीहून परत आला आणि मोठ्या अभिमानाने मला सांगू लागला की, वीस वर्षांनी स्वतःला कुठे पाहता या प्रश्नाला त्याने 'एका आंतरराष्ट्रीय विमान कंपनीत कॅप्टन म्हणून' असे प्रामाणिक उत्तर दिले. त्याची निवड झाली नाही. मंडळ कारण सांगत नाही, म्हणून मीही छातीठोकपणे सांगणार नाही. पण मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलो असतो तर मीही त्याला घेतले नसते. हवाई दल तुम्हाला लढायला शिकवते. विमान हे त्या कामाचे हत्यार आहे आणि ते चालवताना माझ्या तुकडीतले जे परत आले नाहीत, त्यांच्यापैकी कोणीही पुढच्या नोकरीचा अनुभव गोळा करत नव्हता. हे लिहिताना माझा स्वर चढला असेल तर तो तसाच राहू द्यावा.

ज्याला मनापासून जायचे आहे त्याच्यासाठी मात्र मी जीव तोडून मदत करतो. आपल्याच शहरात राज्य सरकारने १९७७ मध्ये सुरू केलेली सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, जी दहावीनंतर मुलांना घेऊन एनडीएची तयारी करून घेते. मराठवाड्यातल्या किती घरांना आजही तिची माहिती नाही हे पाहून आश्चर्य वाटते. मुलींसाठीही एनडीएचे दार २०२२ पासून उघडले आहे. माझी पद्धत अशी की, आलेल्या मुलाला मी दोन फुलस्केप कागद देतो आणि हवाई दलात का जायचे ते हाताने लिहून आणायला सांगतो, अट एकच, त्यात पगार, नोकरी आणि विमान कंपनी हे शब्द यायचे नाहीत. काही मुले परत येत नाहीत. जी येतात त्यांच्याबरोबर मी पहाटे धावायलाही जातो, गुडघे कुरकुरत असले तरी.

फौजी म्हणजे आपोआप चांगला प्रवासी वैमानिक, असे मानणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती तपशिलाने सांगतो.

२००४ मध्ये हवाई दलातून बाहेर पडलेला मी, खांद्यावर अडीच हजार तास आणि डोक्यात पुरेशी गुर्मी घेऊन, एअरबस ३२० च्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, बसलो. हवाई दलातले तास नागरी परवान्यासाठी गणले जातात, पण परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी द्यावीच लागते. त्या मी पहिल्या प्रयत्नात पार केल्या होत्या. प्रशिक्षक माझ्याहून आठ वर्षांनी लहान होता आणि फौजेशी त्याचा संबंध चित्रपटात पाहण्यापुरताच होता. त्याने उड्डाणाच्या क्षणी एका इंजिनाला आग लावली. घंटी वाजली, लाल दिवा लागला, आणि माझा हात विजेच्या वेगाने पुढे गेला. मी एक इंजिन बंद केले, आगीचे बटण दाबले आणि शेजारी बसलेल्या तरुण सहवैमानिकाकडे न पाहताच 'झाले' असे म्हटले. विमान तेव्हा जमिनीपासून दोनशे फुटांवर होते. मी चांगले इंजिन बंद केले होते.

सिम्युलेटर थांबला, दिवे लागले. प्रशिक्षकाने आवाज चढवला नाही. "सर, मिग-२१ ला इंजिन किती असतात?" एवढेच त्याने विचारले. एकच. एकवीस वर्षांत कोणते इंजिन, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, आणि कोणाला विचारायचे, हाही नव्हता, कारण त्या खोक्यात मी एकटाच असे. तिथे दोन सेकंद वाचवणे म्हणजे जीव वाचवणे. इथे नियम नेमका उलटा होता: ४०० फुटांपर्यंत विमान सरळ चढवत राहायचे, आग असली तरी इंजिनाच्या खटक्याला हात लावायचा नाही, मग सहवैमानिकाने पडद्यावरचे मोठ्याने वाचायचे, आणि ज्या कृती परत फिरवता येत नाहीत त्या प्रत्येक कृतीआधी दोघांनी नजरेने आणि तोंडाने खात्री करायची. माझ्या शेजारच्या मुलाला योग्य इंजिन कोणते ते कळले होते. वैमानिकी शिकून त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि हवाई दलाच्या माजी अधिकाऱ्याला अडवायची त्याची छाती झाली नाही. पुढे २०१५ च्या फेब्रुवारीत तैपेईमध्ये ट्रान्सएशियाचे विमान अशाच प्रकारे चालू इंजिन बंद केल्यामुळे नदीत पडले आणि ४३ माणसे मेली, तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही.

७ ऑगस्ट २०२० च्या कोझिकोडच्या अपघाताबद्दल लिहिताना मी शब्द जपून वापरतो, कारण त्या विमानाच्या कॅप्टनची हवाई दलातली कारकीर्द माझ्यापेक्षा कितीतरी उज्ज्वल होती आणि उत्तर द्यायला ते आज नाहीत. २१ माणसे गेली. चौकशी अहवालाने संभाव्य कारण म्हणून नोंदवले ते असे की, अस्थिर झालेले अवतरण चालू ठेवले गेले आणि सहवैमानिकाने पुन्हा वर चढण्याची सूचना देऊनही विमान धावपट्टीच्या मध्याच्या आसपास टेकले. कौशल्याचा प्रश्न तिथे नव्हताच. दुसऱ्या खुर्चीतला आवाज किती मोजायचा, हा प्रश्न होता, आणि तो लष्करी प्रशिक्षण आपोआप सोडवत नाही. १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ युनायटेडचे विमान इंधन संपून पडले, कारण कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता आणि इंधनाबद्दल बाकीच्यांनी दबक्या आवाजात सांगितलेले त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. त्यानंतर त्या कंपनीने १९८१ पासून कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे याचे रीतसर प्रशिक्षण सुरू केले आणि आज जगभर ते सक्तीचे आहे.

आपल्या गावालाही यातले एक दुःख ठाऊक आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाणा विमानतळाहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले आणि ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीने दोन गोष्टींवर बोट ठेवले. विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले गेले, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती. नाक कोणत्या वेगाला आणि किती झपाट्याने उचलायचे, हे त्या त्या जातीच्या विमानावर, सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करूनच अंगात मुरते. भिंतीवरची पदवी किंवा छातीवरची पदके त्या कामाला येत नाहीत.

मग हवाई दलातल्या त्या एकवीस वर्षांनी मला काय दिले? पुष्कळ दिले, पण लोक समजतात ते नाही. कलाबाजी पुढे कधीही लागली नाही. प्रवासी विमान तीस अंशांपेक्षा जास्त कलवायची वेळच येत नाही. लागली ती उड्डाणानंतरची बैठक. हवाई दलात उतरल्यावर फळ्यासमोर उभे राहून प्रत्येकाने स्वतःची चूक आधी सांगायची, हुद्दा दाराबाहेर ठेवायचा, आणि धाकट्याने थोरल्याची चूक दाखवली तर थोरल्याने वहीत लिहून घ्यायची, अशी शिस्त होती. ती मी नागरी नोकरीत शेवटच्या दिवसापर्यंत पाळली. दर उड्डाणानंतर इंजिने बंद केल्यावर मी सहवैमानिकाला म्हणत असे, माझी एक चूक सांग आणि मगच बॅग उचल. पहिल्या महिन्यात सगळे 'काही नाही सर' म्हणत. मग सांगू लागले, आणि काही जण तर जरा जास्तच उत्साहाने. हवामान पाहून परत फिरण्याची लाज न वाटणे, हेही तिथेच शिकलो. नागरी फ्लाइंग स्कूलमधून आलेल्या मुलांतही या सवयी असतात. तिथे चांगला प्रशिक्षक लाभला तर लागतात.

थोडक्यात आटोपण्याजोग्या काही चुका

अग्निवीर म्हणून हवाई दलात भरती झाले की पुढे विमान चालवायला मिळते, असे सांगणारे मामा-काका प्रत्येक तालुक्यात आहेत; ती भरती चार वर्षांची आणि अधिकाऱ्यांच्या उड्डाण शाखेहून पूर्णपणे वेगळी असते.

जमीन विकण्याच्या किंवा कर्ज काढण्याच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण रंगांधळेपणा डोळ्यांत दिसत नाही, तपासणीत दिसतो, आणि विकलेले वावर परत येत नाही.

एएफकॅटसाठी उड्डाण शाखेची वयोमर्यादा २४ आहे, सीपीएल असणाऱ्याला २६. पदव्युत्तर शिक्षण संपवून सत्ताविसाव्या वर्षी विचारायला येऊ नये.

एएफकॅटसाठी पदवीला ६० टक्के लागतात हे शेवटच्या वर्षाला कळून उपयोग नसतो.

न उडवलेले तास वहीत लिहून देणारे महाभाग अजून भेटतात. आमच्या धंद्यात त्यांना पार्कर पेनचे तास म्हणतात. २०११ मध्ये एका वैमानिकाने गोव्यात पुढच्या चाकावर विमान टेकवले आणि त्याच्या चौकशीतून बनावट गुणपत्रिकांचे प्रकरण बाहेर आले, हे त्यांना सांगावे आणि दार दाखवावे. अशा आडवाटा शोधणाऱ्यांशी मी सभ्यपणे बोलू शकत नाही, म्हणून बोलतच नाही.

परभणीच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणीतरी विचारतेच. वडील दोन एकर विकून फ्लाइंग स्कूलची फी भरायला निघाले होते. मी त्यांना महिनाभर थांबवले आणि आधी मुलाची वैद्यकीय तपासणी करायला लावली, तीत तो उत्तीर्ण झाला. पदवीला त्याला ६४ टक्के होते आणि बारावीला गणित होते, म्हणून साडेसहा लाखांच्या त्या कागदाचा एकमेव उपयोग मी करून घेतला आणि त्याला एएफकॅटला बसवले. लेखी परीक्षेत तो निघाला, संगणकाच्या चाचणीत राहिला. आज तो एका विमानतळावर उड्डाणांचे नियोजन करण्याच्या कामावर आहे, पगारातून बाजूला काढतो आहे आणि परवान्याच्या लेखी परीक्षांचे दोन विषय त्याने सोडवले आहेत. जमीन शाबूत आहे. वडील दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत ज्वारीची कणसे घेऊन येतात. यंदा धाकट्या मुलीलाही घेऊन आले, ती अकरावीत गेली आहे, आणि ते काही बोलायच्या आधीच मी तिला कोणते विषय घेतलेस ते विचारले. "गणित घेतलंय सर, तुमी तेच आधी इचारनार म्हणून बापूंनी रस्त्यातच सांगितलं होतं," ती म्हणाली.